फ्रेमला लावलेलं सूत

परवा दादरच्या एका दुकानात मुलीसाठी रोड बाइक बघत होतो. दोन सायकली, किंमत सारखीच. एकीची फ्रेम उत्तम, दुसरीचे गिअर. मी कागदावर दोन्हींना गुण देत होतो. तेवढ्यात नव्या टायरचा वास नाकात गेला आणि दहावीनंतरचं लालबागमधलं सायकलचं दुकान आठवलं.

बाबा गिरणीत कामाला. त्यांनी खिशातलं सूत काढलं, मला हव्या असलेल्या लाल, गिअरवाल्या सायकलच्या मागच्या चाकापासून पुढच्या नळीला वळसा घालून परत मागे ताणलं आणि सीटखालच्या नळीपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी बोटाने मोजलं.

"फ्रेम वाकडी आहे रे. गिअर नंतर बदलता येतात, फ्रेम नाही. ती शेजारची काळी घे."

दुकानदार हसला. "काका, सायकल घेताय की धोतर विणताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्हाला गिरणीबाहेरचं काय कळतं, बाबा?" मी म्हणालो.

बाबांनी सूत गुंडाळलं आणि लाल सायकलच घेतली.

ती शेवटपर्यंत डावीकडे ओढायची. बाबा दर रविवारी तिचं चाक सारखं करत बसायचे, पण 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. मला वाटायचं, विसरले असतील. परवा मुलगी चकचकीत गिअरवालीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा कळलं, ते काहीच विसरले नव्हते.