अकरा नंबरची नळी

आमचं काम फोडाफोडीचं. विषाणूचं कवच फोडायचं, आतला आरएनए बाहेर काढायचा आणि तपासणीच्या मशीनला द्यायचा. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात जालन्यातल्या आमच्या लॅबमधले किट संपले, तेव्हा त्यांची तासभराची धुवाधुवी सोडून आम्ही झटपट पद्धत धरली. नमुन्यात द्रावण टाकायचं, पंच्याण्णव अंशांवर पाच मिनिटं तापवायचं, लगेच बर्फावर. पुढं मशीन दीड तास घ्यायचं. तरी बाहेरचे लोक आम्हालाच शिव्या घालायचे.

त्या दुपारी जाफराबादकडचा एक मेंढपाळ दार बडवत होता. त्याची आई पहाटे वारली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरच प्रेत घरी न्यायला मिळायचं, नाहीतर नगरपालिकेची गाडी परस्पर स्मशानात न्यायची.

"मॅडम, सकाळपासून थांबून राह्यलो. दिवस मावळायच्या आत मायला गावी न्यायचंय. जल्दी करा ना."

"अकरा नंबर आहे तुमचा. गप बसा तिकडं."

खरं तर अकरा नंबरची नळी तापवून बर्फावर ठेवलेली होती. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण दोन दिवस मी झोपले नव्हते, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर जन्मापासूनचा.

त्यानं स्टूल घालून दाराची काच फोडली. आत आला, माझी मानगूट धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. तोंडात रक्त आलं. हाताला लागलं ते उचलून मी त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा नाही, तीनदा. त्याची भुवई फाटली, दात पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हाताला लागलं होतं ते बर्फावरचं नळ्यांचं लोखंडी स्टँड. नळ्या फरशीभर उधळल्या. अकरा नंबरची माझ्याच टाचेखाली चिरडली. त्याचे डोळे रक्तानं भरले होते, त्याला काहीच दिसलं नाही.

"नमुने कुणी फोडले?" पोलिसांनी विचारलं.

"यानंच," मी म्हणाले.

मग माझ्यासमोर त्याच्या पाठीवर काठ्या पडल्या. त्याला ओढत नेलं.

फ्रीजमध्ये मूळ नमुना शिल्लक होता. मी पुन्हा द्रावण टाकलं, पुन्हा तापवलं. निगेटिव्ह. कागद घेऊन शवागाराकडं पळाले, तर प्रेत ताब्यात घ्यायला कुणी नाही म्हणून गाडी म्हातारीला घेऊन गेली होती.

काही दिवसांनी तो सुटून रिपोर्ट न्यायला आला. भुवईवर टाके होते.

"ताई, माह्या हातून मायचीच नळी फुटली म्हनत्यात. मला भान नव्हतं, बघा. तुमाला बी लागलं. माफ करा."

तो हात जोडून उभा होता. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला.

"असू द्या," म्हणाले.