दिल्लीला ऐकू गेलं, मोऱ्याला नाही

पनवेलच्या आसपासच्या आगरी गावांत लग्न ठरलं, की भटजींच्या आधी मालू घरतला सांगावा जायचा. मालू धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी गाणारी. हळदीपासून वरात दारात येईपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला लागायचा. तो गायल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. ही गाणी तिला सासूकडून मिळाली होती, आणि सासूनेच तिची जोड लावून दिली होती शेजारच्या घरातल्या भामाशी. धवला एकटीने गायचा नसतो. मालूने ओळ टाकायची, भामाने ती उचलायची. मालूचा आवाज जाड, भामाचा बारीक आणि चिवट. दोघी सुना म्हणून एकाच वर्षी गावात आल्या, आणि केस पिकेपर्यंत एकाच मांडवात मांडीला मांडी लावून बसल्या.

मग विमानतळासाठी गाव उठायचं ठरलं. मालूच्या नवऱ्याने, धर्मराजने, पहिल्याच फेरीत संमतीची सही केली. भामाच्या घरचे शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले. घरतांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा भामा आपल्या ओट्यावर उभी होती. मालूने हाक मारली. भामा आत गेली आणि दार लावून घेतलं.

भामाचं घर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पाडलं गेलं. तेव्हा मालू करंजाड्याच्या नव्या वसाहतीत होती. भामा लेकीकडे उरणजवळ मोऱ्याला गेली, एवढंच कानावर आलं. मालूने दोनतीनदा फोन लावून पाहिला. लेक म्हणायची, "आय झोपलीय." भरदुपारीसुद्धा भामा झोपलेलीच असायची. मग मालूने फोन करणं सोडलं.

नव्या घराला टाइल्स होत्या, गॅलरी होती, ओटा मात्र नव्हता. धर्मराज तिथे दोन पावसाळे जगला. मुलगा प्रणित तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा. सून अंकिता खारघरला एका दवाखान्यात कामाला. लग्नं आता हॉलमध्ये होत होती, डीजे लागत होता, आणि हळदीला धवलारीण बोलवायचं कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. दिवसभर मालू गॅलरीत बसून राहायची. डोक्यावरून विमान गेलं, की तेवढ्यापुरती मान वर करायची.

अशात वसुंधरा मॅडम तिला शोधत आल्या. नवीन पनवेलच्या एका कॉलेजने 'आपली खाडी' नावाचं छोटं रेडिओ केंद्र काढलं होतं, त्याच्या त्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या. त्यांना जुनी गाणी हवी होती.

"मालूमावशी, केंद्राला सरकारी परवाना आहे," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्यात अट आहे, की निम्म्याहून जास्त कार्यक्रम इथल्याच लोकांनी केलेले हवेत. नुसती सिनेमाची गाणी लावून भागत नाही."

"मंग मी काय करू?"

"गायचं. बोलायचं. लग्नात काय काय करायचे ते सांगायचं. फक्त बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकतो, आपल्या पदरच्या नाही. आणि राजकारण नको. मोर्चा, आंदोलन, काही नको. जे बोलाल ते सगळं रेकॉर्ड होतं आणि तीन महिने जपून ठेवावं लागतं. सरकारने कधीही मागितलं, तर द्यावं लागतं."

मालू हसली. "माझा धवला सरकार कशाला मांगंल?"

दर गुरुवारी दुपारी अर्धा तास तिच्या नावाने लागला. भिंतींना फोम लावलेली लहानशी खोली, समोर माइक, काचेपलीकडे यंत्रावर बसलेली समीक्षा नावाची मुलगी. दार बंद झालं, की बाहेरचा एकही आवाज आत येत नसे.  गाण्याला समोर माणूस लागतो, हळदीचा वास लागतो, पोरांचा कालवा लागतो. इथे काहीच नव्हतं. ती डोळे मिटून गाऊ लागली. ओळ संपली आणि सवयीने थांबली, भामाने उचलावी म्हणून.

समीक्षाने काचेवर टकटक केलं. "मावशी, मध्ये गप्प राहू नका ना. ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं."

त्या दिवशी घरी येताना तिच्या डोक्यात आलं, की भामा तर रेडिओवाली बाई! गावात तिच्या चुलीमागच्या फळीवर कायम एक रेडिओ असायचा. भाकऱ्या थापतानासुद्धा ती तो चालू ठेवायची. फोन घेतला नाही तरी रेडिओ ऐकतच असेल. आणि ऐकायला तर कुणाशी बोलावं लागत नाही.

तेव्हापासून मालू भामासाठी गाऊ लागली. आधी नाव न घेता. "आमची एक जोडीदारीन हाय, तिला ही ओल लय आवडाची," एवढंच. मग हळूहळू बांध फुटला. गाण्याच्या मध्ये ती बोलायची, "भामे, आज जवल्याचा कालवन क्यला. तुझ्यासारखा नाय जमला." बुधवारपासूनच काय बोलायचं ते ती मनात जुळवायची. अंकिता एकदा प्रणितला म्हणाली, "आई हल्ली बऱ्या दिसतात." आणि ते खरंच होतं.

एका गुरुवारी, धर्मराजचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, तेव्हा मालू गायलीच नाही. माइकला तोंड लावून म्हणाली, "भामे, तुझ्या दारात घर पाराला मशीन आला तवा मी नवते. आमी पयले निंगालो आनि तुमाला एकटा पारला. जे आजून नाय निंगाले, त्यांना एकटा नका पारू, इतकाच सांगते." मग तिने माइक दूर सारला. समीक्षाने घाईघाईने एक गाणं लावलं.

कुणीतरी तक्रार केली. केंद्रावरून विमानतळाविरुद्ध लोकांना भडकावलं जातं, अशी. दिल्लीहून मंत्रालयाची विचारणा आली, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पाठवा आणि खुलासा करा. वसुंधरा मॅडमनी दोन्ही पाठवलं. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, त्यामुळे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मालूचा कार्यक्रम तेवढ्यापुरता थांबवला. ते गुरुवार तिने पुन्हा गॅलरीत काढले.

काही आठवड्यांनी प्रकरण मिटलं. पुढे काळजी घ्या, एवढ्यावर सुटका झाली. मॅडमनी मालूला बोलावून घेतलं.

"मावशी, तुमचा हेतू वाईट नव्हता, ते त्यांनाही कळलं. पण आता कुणाचं नाव घ्यायचं नाही, जमिनीबद्दल बोलायचं नाही. हवेतून जाणारा आवाज सगळ्यांचा असतो. तो निरोप द्यायला वापरता येत नाही."

"दिल्लीच्या मानसानी आयकला माझा बोलना?"

"ऐकलं ना. पूर्ण अर्धा तास."

मालूला नवलही वाटलं आणि थोडी लाजही. कुठे दिल्ली! मग तिने विचारलं, "मंग भामानी पन आयकला आसंल."

"भामा कुठे असतात?"

"मोऱ्याला. बंदरावर. लेकीकरं."

 वसुंधरा मॅडम हलकेच म्हणाल्या, "मावशी, मोऱ्यापर्यंत आपला आवाज जात नाही. आपल्याला परवाना आहे तो एवढ्याशा ताकदीचा. पनवेल, करंजाडे, इकडे खारघरची थोडी टोकं. त्याच्या पुढे नुसती खरखर येते. ताकद वाढवली तर गुन्हा होतो."

"येक दिवस पन नाय ग्येला?"

"नाही."

मालू उठली. जिना उतरू लागली. वर्षभर ती भिंतीच्या फोमशी बोलत होती. ज्या बोलण्यावरून दिल्लीत कागद हलले, ते खाडीपलीकडे एका बाईला ऐकू गेलं नव्हतं. मॅडम मागून म्हणत होत्या, मोबाइलवर पाठवता येईल, आपण लेकीचा नंबर घेऊ. मालूने नको म्हणून मान हलवली आणि पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न सांगता उरणची एसटी धरली, आणि पुढे मोऱ्यापर्यंत रिक्षा. जेट्टीच्या अलीकडे बायका सावलीला कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांत पाठमोरी भामा. वाळली होती, पण खांद्यांवरून मालूने ओळखलं.

"भामे."

भामाने वळून पाहिलं. हात थांबले नाहीत. "कवा आलीस?"

"आताच."

"धर्मराजभाऊंचा कललेला मना. येवाला नाय जमला."

"हां."

बाजूच्या बाईने एक रिकामा डबा उपडा करून दिला. मालू त्यावर बसली. बोटीचा भोंगा झाला, माणसं उतरली, चढली. मग मालू म्हणाली, "मी रेडिओवर गाते. दर गुरवारी तुझ्याशी बोलत व्हते. मना वाटला तू आयकतेस."

"रेडिओ कुटं हाय आता? घर परला त्यात ग्येला." भामाने कोलंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "काय बोलत व्हतीस?"

मालूने तोंड उघडलं. त्या बंद खोलीत जे धो धो वाहत होतं, त्यातला एक शब्द जिभेवर येईना. समोर भामाचे डोळे होते. सही तिच्या हातची नव्हती, पण टेम्पोत तीही बसली होती.

"आता नाय येत बोलाला," ती म्हणाली.

"मंग नको बोलूस."

भामाच्या बोलण्यात राग नव्हता. रागापेक्षा जड काहीतरी होतं. लेकीने चहा आणला. दोघींनी पोरांची, सुनांची, गुडघ्यांची चौकशी केली. निघताना मालूने धीर करून म्हटलं, "येकदा पनवेलला ये. दोघी मिलून गाऊ."

"गाव नाय तं धवला कुनाच्या दारात गावाचा?" भामा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू गा. तुना जमतंय तं गा. मना नाय जमाचा." आणि तिने सोललेल्या कोलंबीतली एक ओंजळ पिशवीत घालून मालूच्या हातात दिली.

परतीच्या एसटीत मालू रडली नाही. खिडकीबाहेर मिठागरं, मग कंटेनरचे ढीग, मग उंच इमारती मागे जात राहिल्या. इतकी वर्षं उराशी धरलेली एक गोष्ट सुटली होती. तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती जाणार नव्हती. तरी गेली. माइकसमोर बसल्यावर तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हे ऐकतं तरी कोण? ज्यांना ऐकू जातं ते तिच्या गावचे नाहीत, आणि जे गावचे आहेत ते चहूकडे पांगलेले. तिने घसा साफ केला.

"माझा नाव मालू घरत," ती म्हणाली. "तुमाला धवला म्हंजे काय ते ठावा नसंल. तं मी पयल्यापासना सांगते."

आणि तिने सांगितलं. मांडवासाठी उंबराची फांदी कशी आणतात, हळद कोण दळतं, नवरीची आई कुठल्या ओळीला रडते. गाताना मध्ये समजावूनही दिलं. अर्धा तास कधी संपला ते तिला कळलं नाही.

बाहेर आली तर समीक्षा फोन धरून उभी. "मावशी, खारघरहून एक बाई आहेत. कादंबरी नावाच्या. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

मालूने फोन कानाला लावला. पलीकडून एक तरुण, बिचकता आवाज आला. "नमस्कार. मी सोलापूरची. लग्न होऊन इकडे आले. बाविसाव्या मजल्यावर राहते. तुमचे सगळे शब्द नाही कळत मला. पण दिवसभर घरात कुणी नसतं ना, म्हणून लावते."

"बरा क्यलास," मालू म्हणाली.

  मालू भिंतीला टेकून खाली बसली.

"आज काय रांधलास गो बाय?" तिने विचारलं.

"अजून काहीच नाही," ती मुलगी म्हणाली. "एकटीपुरतं करायचा कंटाळा येतो."

"माझा पन तसाच व्हतंय," मालू म्हणाली, आणि मग दोघी बराच वेळ भाज्यांबद्दल बोलत राहिल्या.