बोटांखालची वायर

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सूर्यभानचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, आणि त्याच टिनाखाली अर्ध्या जागेत त्याच्या बायकोचं, मैनाबाईचं, फुलांच्या हारांचं. इतकी वर्षं शेजारी बसून दोघांचं बोलायचं बहुतेक बोलून झालं होतं. एक गोष्ट तेवढी सूर्यभान लपवत होता. शुगरने त्याची बोटं बधिर झाली होती. आणि वायरिंगवाल्याची बोटं गेली, की त्याच्या दुकानात उरतं काय, डोंबल!

त्या दिवशी तिवशाचे महादेवराव आले ते घामाघूम होऊन.

"बाहेरून डायवरकडचं दारच उघडत नाही राजा. दुसऱ्या दारानं चढतो अन् गिअर ओलांडून इकडं बसतो. हे वय हाय का माकडउड्या माराचं? दार सताड उघडं असलं का हँडलचं बटन दाबल्यावर टक वाजते, लावलं का मुकं."

सूर्यभानला तेवढ्यावरूनच कळलं. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून हँडलच्या वायरी दारात जातात. दाराच्या उघडझापीने एखादीचं तांबं आत तुटलं असणार; दार उघडलं की तुटकी टोकं टेकतात, लावलं की सुटतात. कुठली, ते मीटरने लगेच दाखवलं. नेमकी कुठे, ते मात्र बोटालाच कळावं लागतं, कारण वरचं आवरण शाबूत असतं. पूर्वी ती जागा त्याला एका दमात सापडायची. आज त्याने वायर तीनदा चाचपली. सगळीकडे सारखीच. मान अवघडली, डोळे चुरचुरले आणि त्याला सगळ्याचाच कंटाळा आला.

"अख्खं वायरिंग बदला लागन," तो म्हणाला. "अकोल्याहून मागवा लागन."

गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

मैनाबाईने सुई खाली ठेवली. येऊन तिने वायर हातात घेतली, फुलांचे देठ चाचपावेत तशी सावकाश पुढे सरकवत नेली आणि थांबली.

"इथं पोचट लागते."

सूर्यभानने तिथेच कापलं. आत हिरवं पडलेलं, तुटलेलं तांबं. त्याने नवा तुकडा जोडला, दार लावलं, बटण दाबलं. टक! महादेवराव खुशीत, चालकाच्या दारानेच गाडीत बसून गेले.

दुकानात दोघंच राहिली.

"तुले कसं समजलं?" त्याने विचारलं. तो वायरीबद्दल विचारत नव्हता.

"कढत चहाचा गिलास बिना फडक्याचा धरता. दिवाळीपासून पाहून राहिली मी."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी कवा सांगता, त्याची वाट पाहत होती."

तिने त्याची बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली. धरली, हे त्याला नुसतं दिसलं.