इंजिनाखालची घोंगडी

केरबा एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. पण जुनी पिकअप घ्यायचीच म्हणून तो पेटला तेव्हा बानाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारून घेतला. काय गाडी होती ती! पेट्रोलची, दमेकरी. दौलताबादच्या घाटात निम्म्यावर उभी राहायची आणि बानाबाई धोंडा घेऊन चाकामागं पळायची.

पडेगावच्या ह्या धनगरांची मेंढरं आधी पायीच घाटावर चरायला जायची. पुढं कारखाने वाढले, चराईच्या वाटांवर कुंपणं आली, आणि डांबरी सडकेवर ट्रकखाली मेंढरं चिरडायला लागली. म्हणून गाभण मेंढ्या आणि कोकरं तरी गाडीनं न्यायची, असं ठरलं.

"औंदा गाडी घाट चढली नाय, तर मेंढरं खाटकाला देऊ आन् कंपनीच्या गेटावर वॉचमन व्हऊ," थोरला भाऊ मुंजाबा म्हणाला.

"मेंढरं इकायची नायत. इंजिन बदलू," केरबा म्हणाला.

भंगारातल्या ट्रॅक्टरचं दांडगं डिझेल इंजिन मिळालं. ते बसवायला आला फकिरा, चिकलठाण्याच्या कंपनीतला फिटर. विद्यापीठाच्या नामांतरावरनं गावं पेटली, तेव्हा घाटावरच्या त्याच्या गावात, जिथं ह्यांची मेंढरं बसायची तिथंच, बौद्धवस्ती जाळली होती. तेव्हापासनं तो शहरात राहायचा आणि नामांतराचा एकही मोर्चा चुकवायचा नाही.

"ह्याचा हात लागला तर वरचं गाव बोंब मारंल," मुंजाबा कुरकुरला.

"गाव काय मागनं गाडी ढकलणार हाय व्हय?" केरबा खेकसला.

लिंबाच्या फांदीला साखळी बांधून फकिरानं इंजिन खाली सोडलं. "इंजिनाच्या पायाखाली रबर लागतंय. रविवारी आणतो. तवर चालू करू नको," असं बजावून गेला. पण रविवारी आला नाही. मोर्चात पोलिसांनी धरलं होतं त्याला.

केरबाला कुठला दम निघतोय! इंजिनाला मऊ बैठक पाहिजे ना? मग त्यात काय एवढं! मेंढपाळाच्या घरात मऊ आणि दणकट म्हटलं की एकच वस्तू. केरबानं आपली घोंगडी फाडली, घड्या करून इंजिनाच्या पायांखाली घातली आणि नट आवळले. इंजिन असं काही घुमलं की गड्यानं मिशीवर ताव दिला.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर सगळा फज्जा उडाला. लोकर तेल पिऊन चेपली, इंजिन पुढं झुकलं, पंख्यानं रेडिएटर फाडला. पाण्याची चिळकांडी उडाली. मेंढ्या ओरडायला लागल्या.

"झालं समाधान?" मुंजाबा म्हणाला.

केरबाला रडूच फुटायचं बाकी होतं. "फकिरा सुटून येऊ दे. तरीबी नाय चढली, तर मेंढरं इक," एवढंच तो म्हणाला आणि गाडी उताराला लावून माघारी आणली.

फकिरा सुटला तो घरी न जाता गाडीपाशीच आला. तेलकट घोंगडी त्यानं ओढून काढली आणि पोट धरून हसला. "केरबा, इंजिनाला थंडी वाजत व्हती का रं?"

मुंजाबासुद्धा हसला. फकिरानं रेडिएटरची भोकं झाळून बुजवली, रबर बसवलं आणि स्वतः केरबाशेजारी पुढं बसला. खाली काही हललं तर कानाला कळलं पाहिजे, म्हणाला. गाडी धूर ओकत चढली, कुठंच थांबली नाही. बानाबाईनं हातातला धोंडा दरीत भिरकावला.

वर गावाच्या तोंडाशी आप्पासाहेब उभे. दरवर्षी मेंढरं ह्यांच्या रानात बसायची. मेंढरांना चारा मिळायचा, आप्पासाहेबांच्या रानाला खत. पुढच्या सीटवर फकिरा दिसला, तशी त्यांची मुद्राच बदलली.

"केरबा, ह्याला हितंच उतरव. मग मेंढरं घाल रानात."

फकिराचा हात दाराच्या कडीला गेला. केरबानं तो हात घट्ट धरला.

"ह्याच्याबिगर गाडी वर आली नसती, आप्पासाहेब."

"मग ने परत खाली."

एवढा घाट जिंकला, आणि गाभण मेंढ्यांना टेकायला जागा नाही! बाकीचा कळप घेऊन मुंजाबा मागनं येतच होता. त्याला काय सांगायचं? पण फकिराचा हात काही केरबानं सोडला नाही.

फकिरा समोर बघत म्हणाला, "गाडी गावातनं घे. जळालेल्या वस्तीमागं माझा तुकडा हाय. तवापासनं पडीक. लई गवत माजलं असंल."

"गावातनं?"

"व्हय, चावडीवरनं. मेंढरं माझ्या रानात बसव. चांगलं खत पडू दे." त्यानं दाराच्या कडीवरचा हात मागं घेतला. "औंदा पेरायला मी येणार हाय."