राऊटरची किल्ली बंगळूरला

निर्माल्य रोज मूठभरच निघतं, पण आठवड्याने बघावं तर पिशवी भरलेली असते. आमच्या राऊटरच्या किश्शांचंही तसंच झालंय.

पूर्वी नेट गेलं की आम्ही बंगळूरला फोन लावायचो, आमच्या तेजसला. "बाबांना दे," म्हणायचा. मग कुठला दिवा हिरवा, कुठला लाल, असं बापलेकांचं अर्धा तास चालायचं. एरवी दोघं बोलतात ते माझ्यामार्फत.

दिवाळीत तो आला आणि राऊटरमध्ये काहीतरी सेटिंग करून बसला. "आता मी बंगळूरहूनच हा उघडून दुरुस्त करीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"म्हणजे घर आमचं आणि किल्ली तुझ्याकडे," आमचे हे म्हणाले.

*

त्या किल्लीला म्हणे कुणाला ओळखता न येणारा पासवर्ड लागतो. मी लगेच 'त्र्यंबकेश्वर' सुचवलं.

"आई, चोर नाशिकचा निघाला तर पहिल्या फटक्यात उघडेल."

"नाशिकचा असला तर देवाचं नाव टाइप करून चोरी करणार नाही," मी म्हटलं.

तेजसने स्वतःच कुठलातरी ठेवला. मला सांगितलासुद्धा नाही.

*

वायफायचा पासवर्ड मात्र मला पाठ होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडेच असतात, म्हणून मी वाण म्हणून तोच दिला. बायका खूश.

थोड्या वेळात तेजसचा मेसेज. "आई, घरात एवढे मोबाइल कुणाचे?"

"सवाष्णींचे," मी कळवलं.

संध्याकाळी परत मेसेज. "सगळे गेले. एक अजून चालू आहे. बंद करतो."

दोनच मिनिटांत बेल वाजली. शेजारच्या मंदाताई. आमच्या जिन्यात बसून मालिका बघत होत्या.

"तुझा मुलगा फार कडक आहे गं," म्हणाल्या.

*

पण पुढे झालं असं, की नेट अडखळल्याचं आम्हाला कळायच्या आत तेजस तिथून ते नीट करायचा. फोनला कारणच उरलं नाही. मेसेज यायचे, तेही मला. हे विचारायचे, "काही म्हणाला का?" आणि पुन्हा पेपर उघडायचे, सकाळी वाचलेलाच.

मी सोळा सोमवार धरले.

"यंदा कशासाठी?" ह्यांनी विचारलं.

"तेजसने आठवड्यातून एकदा तरी तुमच्याशी बोलावं म्हणून."

"महादेवाला दुसरी कामं नाहीत का?" म्हणत हे पेपरात शिरले.

*

पुढच्याच सोमवारी पूजा आटोपून बाहेर येते, तर ह्यांचा फोन स्पीकरवर. पलीकडे तेजस.

"बाबा, इथून राऊटर दिसतच नाहीये. लाइट गेलीय का?"

डोक्यावर पंखा फिरत होता. "नाही, लाइट आहे," हे म्हणाले.

"मग प्लग नीट बसलाय का बघा ना."

प्लग ह्यांच्या हातात होता.

"बघतो, चष्मा सापडू दे," नाकावरचा चष्मा सारखा करत हे खुर्चीत ऐसपैस बसले. "तोवर सांग, जेवणाचं काय करतोस तिथे?"