तंबाखूच्या पुडीतला राजपुत्र

मन्मथप्पांच्या दुकानात कागद आधी वाचला जायचा, मग फाडला जायचा. मांजरसुंब्याच्या चौकात, केजची आणि पाटोद्याची वाट जिथं फुटते तिथं, त्यांचं दहा पावलांचं किराणा दुकान होतं. बीडहून रद्दीचा गठ्ठा आला की आप्पा मांडी घालून बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि हाताला लागेल ते वाचायचे. कोर्टाची नोटीस म्हणू नका, कुणाचं बारावीचं जीवशास्त्र म्हणू नका, काही सुटायचं नाही. वाचून झालं की त्याच कागदाचा कोन वळायचा, त्यात जिरं पडायचं आणि छताला टांगलेल्या रिळाचा दोरा चार वेढे घेऊन पुडी आवळायचा. ती पुडी एसटीच्या टपावरून पडली तरी फुटायची नाही.

या वाचनापायी आप्पा प्रत्येक विषयात मधले मधले जाणकार झाले होते. सुरुवात आधीच फाटलेली, शेवट कुणाच्या तरी हळदीला गेलेला. देवमासा पिल्लाला दूध पाजतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पाण्यात कसं पाजतो ते नव्हतं. समोरच्या धाब्यावर थांबणारा ट्रकवाला हनुमान त्यांना चिडवायचा, "आप्पा, तुमी लई हुशार हाय, पण निम्मेच." आप्पा हसायचे. निम्मं तर निम्मं, गावाला तेवढंही नव्हतं.

पंच्याण्णव साल होतं. दुकानांच्या दारांवर चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. चहा, शाम्पू, गुटखा, सगळं कंपनीतूनच बंद होऊन येत होतं. दोऱ्याचं रीळ पूर्वी आठवड्यात संपायचं, ते आता महिनाभर पुरायला लागलं. आप्पांना याचं मनापासून वाईट वाटायचं. "पाकिटावर वाचायला काय असतंय? तेच तेच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायचा दिवस उजाडला. बंकट मुकादमाचे दोन ट्रक चौकात उभे, दुकानापुढं बायामाणसांची ही झुंबड. सहा महिन्यांचं तिखटमीठ एका सकाळी बांधून द्यायचं. आप्पांनी गठ्ठ्यातून एक जाडसर पुस्तक ओढलं. पुठ्ठा नव्हता, पण पानं तंबाखूला अगदी बेताची होती. सवयीनं त्यांनी पहिली ओळ डोळ्याखाली घातली, तोच त्यांच्या बायकोनं, शांतादेवींनी, हाकाटी केली, "अवो, वाचत काय बसलाय? फाडा की!"

आप्पांनी फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता फाडलं.

दुपारी ट्रक गेले, चौकात धूळ खाली बसली आणि आप्पांनी पाहिलं, तर पुस्तकाची पहिली चार पानं बांधणीला तशीच चिकटून होती. पुस्तक होतं चीनच्या जुन्या बादशहांचं. त्यातल्या एका बादशहाला सतरा मुलगे. घराण्याची एक मोठी वही असायची, पिवळ्या रेशमात गुंडाळलेली, आणि दर दहा वर्षांनी ती नव्यानं लिहिली जायची. सोळा मुलांची नावं, पदव्या, वाडे, घोडे, सगळं तिच्यात होतं. अकराव्याचं मात्र नाव नव्हतं. त्याची आई राजवाड्यात शिवणकाम करणारी. तिची नोंद नाही म्हणून पोराची राहिली, आणि पोराला धाडलं दूर उत्तरेच्या एका ओसाड ठाण्यावर. पुढं कुणाला तरी त्याची आठवण झाली. वहीचा कारकून महिनाभराचा प्रवास करून ठाण्यावर पोचला, त्यानं शाईत कुंचला बुडवला आणि म्हणाला, "राजपुत्र, आपलं नाव सांगावं." राजपुत्र म्हणाला, "सांगतो, पण"

इथं पान संपलं. हाती उरलेलं पुस्तकही संपलं.

आप्पांनी हजार अर्धवट कागद वाचले होते आणि पचवलेही होते. हा काही पचेना. राजपुत्र काय म्हणाला असेल, हा किडा डोक्यात जो शिरला तो जेवताना, पूजेला बसताना, तराजू धरतानाही वळवळत राहिला. कुठं इंद्राचा ऐरावत आणि कुठं शामभटाची तट्टाणी! चीनच्या राजपुत्राशी मांजरसुंब्याच्या वाण्याचं नातं ते काय? पण नातं होतं, आणि ते त्यांच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

आप्पांच्या घराण्याचीही एक वही होती. ती असायची हेळव्याकडं. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची नावं लिहून ठेवणारा. तो कर्नाटकाकडून दर बारा वर्षांनी यायचा, सगळ्या भाऊबंदांना एका घरात जमवायचा, जुनी नावं वाचायचा आणि नवी लिहायचा. नावं लिहायची ती फक्त मुलग्यांची. मागच्या खेपेला आप्पांची थोरली रुद्राणी चार वर्षांची होती. चुलत भावांची नावं लिहून झाल्यावर ती हेळव्याच्या गुडघ्याला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, "आता माजं." सगळे खो खो हसले. आप्पाही हसले होते. ते हसू त्यांना बारा वर्षं टोचत होतं. तेव्हा हेळव्यानं त्यांच्या नावाखालची ओळ पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली होती. नंतर झाली तीही मुलगीच, शिवांजली. आता पोस्टकार्ड आलं होतं, चैत्रात येतो म्हणून. मुलगा नाही म्हटल्यावर हेळवी त्या ओळीत 'वंश खुंटला' असं लिहिणार आणि खाली आडवी रेघ ओढणार, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. सोळा आणि अकरा वर्षांच्या दोन धडधाकट पोरी घरात नांदत असताना खुंटला! थोरले बंधू संगमेश तेलगावला असायचे. त्यांना तीन मुलगे. ते म्हणाले, "लिहू दे की. खोटं थोडंच लिहितोय तो?" यावर काय बोलावं ते आप्पांना सुचलं नव्हतं. त्या राजपुत्राला सुचलं होतं, आणि ते नेमकं पुडीत बांधून आप्पांनीच देऊन टाकलं होतं.

मग शोध सुरू झाला. कुणाला काय दिलं ते आप्पांना तोंडपाठ असायचं. गीताबाईचं जिरं त्याच पुस्तकात बांधलं होतं, म्हणून ते आधी तिच्या दारात गेले. तिनं चुलीपाशी खोचलेला कागद काढून दिला. त्यात बादशहाच्या घोड्यांची वर्णनं निघाली. "घोडं न्हाई, पोरगं पायजे," आप्पा म्हणाले आणि गीताबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. घरी येता येता त्यांना आठवलं. सगळ्यात शेवटी फाडलेलं पान कडूबाईच्या तंबाखूला गेलं होतं. मागच्या वस्तीवरची कडूबाई म्हणाली होती, "आप्पा, दोन वेढे जास्ती टाका, तिकडं दव लई पडतंय." त्यांनी पुस्तक उलटं धरून मागूनच फाडायला सुरुवात केली होती, त्यामुळं चिकटलेल्या पानांच्या पुढचा भाग तिच्याकडं गेला, हे उघड होतं. आणि कडूबाई आता सांगलीकडच्या फडात ऊस तोडत होती.

हनुमानचा ट्रक त्याच बाजूला जाणार होता. आप्पांनी निरोप दिला, "कडूबाईला सांग, शेवटची तंबाखूची पुडी फेकू नको म्हणावं."

"कावून आप्पा? भेसळ झाली काय?"

"तू निरोप सांग बे. नसत्या चौकशा करू नको."

निरोप पोचला. तसा उलटा निरोपही आला, पण त्यात एवढंच होतं की सांगितलं. पुढचे पाच महिने घरात दुसरा विषय नव्हता. शिवांजलीचं म्हणणं, राजपुत्रानं आधी घोडा मागितला असणार. शांतादेवी म्हणाल्या, "त्याला भूक लागली असंल, महिनाभर कारकुनाचीच वाट बघत बसलेला." रुद्राणी एकदा शाळेची वही मिटता मिटता म्हणाली, "आप्पा, तो न्हाईच म्हणाला असंल. इतकी वर्षं इसरल्यावर आता कशाला पायजे त्यांची वही?"

पाडवा होऊन आठवडा झाला आणि टोळ्या परतल्या. कडूबाई ट्रकमधून उतरली ती घरी न जाता थेट दुकानात आली. उन्हानं काळीठिक्कर पडली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि पुडी काढून गल्ल्यावर ठेवली. दोरा तसाच. वेढे सहाच्या सहा.

"अगं, उघडली न्हाईस?"

"फेकू नको म्हणालात. उघडली तर फेकल्यागतच की. दुसरी आणून खाल्ली म्या," ती म्हणाली. "काय हाय आप्पा तिच्यात? आमच्या मुकादमाला वाटलं सोनं हाय. तीनदा मागितली त्यानं."

आप्पांना त्या क्षणी कडूबाईच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी दोरा कापला नाही, नखानं गाठ सोडवली. तंबाखू दुसऱ्या कागदात ओतली, पान सरळ केलं आणि मोठ्यानं वाचायला लागले, कारण आता त्यावर कडूबाईचाही हक्क होता.

"पण आधी माझ्या आईचं लिहा," राजपुत्र म्हणाला होता. "ती नसेल, तर मीही नाही." कारकून म्हणाला, शिवणारीचं नाव या वहीत लिहायची मला मुभा नाही. राजपुत्र म्हणाला, मग माझी ओळ कोरी ठेवा. कारकून अडचणीत आला. बादशहाच्या वहीत कोरी ओळ सोडायची तर तिचं कारण समासात लिहावंच लागे. म्हणून त्यानं बारीक अक्षरांत लिहिलं: 'ही ओळ कोरी. कारण आपली आई, शिवणकाम करणारी मेई, हिचे नाव आधी लिहावे, असा अकराव्या राजपुत्राचा हट्ट आहे.' पुढं राज्य बुडालं, वाडे जळाले, वही उरली. राजवाड्यात होऊन गेलेल्या शेकडो शिवणाऱ्यांपैकी नाव माहीत आहे ते या एकीचंच.

आप्पा थांबले. मग हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. कडूबाईनं तंबाखूची चिमूट मळली आणि म्हणाली, "आईचं नाव काडलं पोरानं. चांगलं झालं."

पंधरा दिवसांनी तेलगावला संगमेशांच्या घरी सगळे जमले. हेळव्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा लूनावर बसून आला. घोंगडीवर बसून त्यानं बासनातून वही काढली आणि खड्या आवाजात नऊ पिढ्या वाचल्या. नवी नातवंडं लिहिली. मग तो आप्पांच्या नावाशी आला.

"मन्मथप्पा. मुलगा?"

"न्हाई. दोन लेकी हायत."

"लेकी सासरच्या वहीत जातात आप्पा."

"तिथं त्यांचं नाव लिहिता का?"

हेळव्यानं कान खाजवला. "तिथं जावयाचं लिहितो," तो म्हणाला आणि त्यानं लेखणी टेकवली. "मग खुंटला लिहू?"

"लिहू नका. ओळ कोरी ठेवा."

"आप्पा!" संगमेश म्हणाले.

"कोरी ठेवता येत न्हाई," हेळवी म्हणाला. "उद्या कुनी बी येऊन भलतंच नाव घुसवंल. आमच्या आज्याचा नेम हाय. कोरी सोडली तर का सोडली ते लिवावं लागतंय."

नेम असाच काहीतरी असणार अशी आप्पांना नुसती आशा होती, खात्री नव्हती. "लिवा की," ते म्हणाले. "मी सांगतो. ही ओळ कोरी. कारण मन्मथप्पा आणि शांतादेवी यांच्या लेकी, रुद्राणी आणि शिवांजली, यांची नावे या वहीत लिहीत नाहीत, म्हणून."

हेळवी लिहीत गेला. 'शिवांजली'पाशी त्याची लेखणी थबकली. त्यानं लिहिलेलं परत वरून वाचलं, चष्म्यावरून आप्पांकडं पाहिलं आणि त्याच्या पांढऱ्या मिशीखाली हसू फुटलं.

"हे नेमात बसतंय का?" संगमेशांनी जरा तावातच विचारलं.

"बसतंय की," हेळवी म्हणाला. "नावं न्हाई लिवली म्या. कारण लिवलं." आणि त्यानं वाक्य पुरं केलं.

लिहिलेलं सगळं जमलेल्यांना वाचून दाखवायचं, हीसुद्धा त्याची रीत होती. त्यानं नव्या ओळी नवव्या पिढीपासून खड्या आवाजात वाचल्या. आप्पांच्या ओळीला तर त्यानं आवाज आणखीच चढवला. दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली रुद्राणी पुढं आली, हेळव्याच्या गुडघ्यापाशी बसली आणि म्हणाली, "कुठं हाय दाखवा." त्यानं बोट ठेवून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

परतताना एसटीत आप्पा भलतेच खुशीत होते. चीनचा राजपुत्र, कारकून, हेळवी, सगळं त्यांनी पोरींना परत एकदा रंगवून सांगितलं. शांतादेवी खिडकीशी बसल्या होत्या. बीड मागं पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अवो, माजं बी नाव वाचलं त्यानं."

आप्पांच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात शांतादेवींनी ते कधी मागितलं नव्हतं, आणि त्यांनाही कधी सुचलं नव्हतं.

"वाचलं की," ते म्हणाले.

"सगळ्यांसमोर," शांतादेवी म्हणाल्या, आणि मांजरसुंबा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.