आशाबाई क्लीनर म्हणून गेली

रांजणगावात कडूबाला सगळे फेकू म्हणायचे. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांना चिकटून असलेली ही वस्ती. निम्मे लोक शिफ्टला गेलेले, निम्मे शिफ्टवरून येऊन झोपलेले. पण कडूबाचा ट्रक आला की झोपलेले बी उठून पानटपरीवर यायचे. हा गडी सव्वीस वर्षं लांबच्या लाइनीवर. येऊन सांगायचा काय, तर एका घाटात रस्त्याच्या दोन्ही अंगाला बर्फाच्या भिंती हायत, ट्रकापेक्षा उंच. एका मुलखात रेतीच उठून रस्ता ओलांडती, सकाळी बघावं तर डांबर गायब. आन् खाली केरळात माणसं दूध आणायला होडीनं जातात. पोरं म्हणायची, काका, जरा हळू फेका, लागतंय. कडूबा बी त्यांच्यासंगं हसायचा.

पण घरी त्याची बायको आशाबाई ‘व्हय का’ म्हणून भाकरी उलटायची, ते त्याला लागायचं.

आशाबाई अठ्ठेचाळीस वर्षांची. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे करून द्यायची. रोजच्या साठ भाकरी, त्याच्यात खाडा नाय. लांब म्हणजे ती पैठणला गेलेली, आन् एकदा लग्नाला नाशिकला. नळाला पाणी आठव्या दिवशी, उन्हाळ्यात दहाव्या. ड्रम, टिपाडं, हंडे, पातेली भरण्यात बाईची निम्मी जिंदगी गेली. पैठणच्या धरणाचा नाथसागर आज किती टक्के भरलाय हे तिला नवऱ्याच्या वयापेक्षा पक्कं ठाऊक असायचं.

मार्चात त्यांच्या जावयानं, इंद्रजीतनं, एक काम आणलं. त्याच्या कंपनीत शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे होता. रांजणगावातून माणसं न्यायची, आणून सोडायची, रोज घरी जेवायचं. बावन्न वर्षांच्या माणसाला ह्याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार. इंद्रजीतनं साहेबाला गळ घालून एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवली. कडूबा व्हय म्हणंना आन् नाय बी म्हणंना. आशाबाईनं चार दिवस बडबड केली, चार दिवस अबोला धरला. शेवटी तो म्हणला, “एक खेप संगं चल. सगळं बघ. मग तू म्हणशील तसं करतो.”

तिला हेच पाहिजे होतं. एक खेप करायची आन् माणूस घरी आणून बांधायचा. कडूबाचा क्लीनर बन्सी लग्नासाठी गावाकडं गेलेला, म्हणून तिनं सांगून टाकलं की मीच क्लीनर. ट्रकमालक कुरकुरला, बाईमाणूस ट्रकावर कसं दिसंल म्हणून. वस्तीतले बी बोलले. बोलणाऱ्यांचं काय, त्यातल्या निम्म्यांनी पैठणच्या पुढं तोंड न्हेलेलं नाय. लेक रूपालीनं डब्यांचं काम अंगावर घेतलं. आशाबाईनं पीठ, ठेचा, स्टो आन् पाण्याचे दोन वीस लिटरचे कॅन केबिनीत चढवले आन् पदर खोचून डाव्या बाजूला बसली.

ठिबकचे पाईप भरून ते राजस्थानात बाडमेरकडं गेले. क्लीनरचं काम ती दोन दिवसांत शिकली. गाडी थांबली की लोखंडी दांडक्यानं एकेक टायर ठोकायचा आन् आवाज ऐकायचा. कडूबानं सांगितलं, चांगला टायर टणकन बोलतो, हवा कमी असली की भद्द बोलतो. ती म्हणली, मला नका शिकवू, भाकरी फुगली का नाय हे मी आवाजावरून सांगते. तिसऱ्या दिवशी आतल्या जोडीतला एक टायर बसलेला तिनंच पकडला. ढाब्यावरचे ड्रायव्हर बघत राहिले.

बाडमेरच्या पुढं मात्र तिचं तोंड बंद झालं. ना डोंगर, ना झाड, ना भिंत. नजर जाती तिथवर जाती, अडवायला कुणीच नाय. एका जागी खरंच रेतीनं अर्धा रस्ता गिळला होता आन् पाच-सहा माणसं फावड्यानं तो मोकळा करीत होती. गाडी थांबली तशी ती उतरली. रेतीवर वाऱ्याच्या रेघा होत्या, कुणी कंगव्यानं विंचरल्यावानी. आवाज कसलाच नाय. तिला स्वतःच्या कानातलं रगत वाहताना ऐकू आलं.

डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई रेतीतनं चालत आली. कुठून आली, कळंना, मागं घर बी दिसंना. आशाबाईकडं बघून तिनं हंडा उतरवला आन् लोटा पुढं केला. आशाबाईनं वरून धार धरून पाणी पिलं, एक थेंब सांडला नाय. त्या बाईनं ते बघितलं आन् हसली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघींना बी पाण्याची किंमत कळत होती. आशाबाईनं केबिनीतनं एक भरलेला कॅन ओढून तिच्या पुढ्यात ठेवला. बाईनं तिचे दोन्ही हात आपल्या गालाला लावले. मग सूर्य बुडायला लागला आन् सगळी रेती तांबडी झाली, त्या बाईसकट, ट्रकासकट. आशाबाईला वाटलं, आपण आजवर घरांचे पत्रेच बघितले, आभाळ आज बघतोय.

कडूबा आवाज बारीक करून म्हणला, “फेकतो का मी?”

“एवढं खरं निघालं,” ती म्हणली. “बर्फाचं नाय निघायचं.”

पाईप उतरवले आन् पंजाबात कारगिलसाठी तांदूळ भरला. काश्मिरात झोजिला घाटाच्या खाली दोन दिवस ट्रकांच्या लाइनीत उभं राहावं लागलं, कारण घाट एकेरी. एक दिवस वर जाणारे, एक दिवस खाली येणारे. आशाबाईनं कडूबाचा जुना स्वेटर लुगड्यावर घातला, दोन जोड्या मोजे आन् वर रबरी बूट. पंजाबी ड्रायव्हर तिला भाभी म्हणून चहा आणून द्यायला लागले. ती त्यांना ठेचा चाखवायची आन् त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइन हलली.

रस्ता म्हणावं तर एका ट्रकाएवढा. डांबर नाय, नुसता चिखल, आन् त्याच्यावरनं वितळलेलं पाणी खळाळत येतंय. उजव्या अंगाला डोंगर. डाव्या अंगाला, म्हणजे तिच्या खिडकीखाली, काहीच नाय. पार खाली नदी, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी. तिनं एकदाच बघितलं आन् समोर बघायला लागली. मधल्या एका चढावर पुढचा ट्रक अडकला, म्हणून सगळे थांबले. कडूबा म्हणला, उतर, मागच्या चाकाला दगड लाव. ती उतरली. पायाखाली पाणी, हातात पायलीएवढा दगड. चाकामागं ठेवला, बुटानं दाबून बसवला. गाडी हातभर सरकली की दगड उचलायचा, पुन्हा लावायचा. असं चार वेळा. भरलेला ट्रक डोक्यावर, मागं उतार, आन् मधी आशाबाई. कंपनीतल्या सेफ्टीवाल्यानं बघितलं असतं तर चक्कर येऊन पडला असता.

चौथ्यांदा दगड लावून ती वर चढून बसली तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. ब्रेकवरचा कडूबाचा उजवा पाय थरथरत होता. गुडघ्यापासून खाली, शिलाई मशीनवानी. वर तोंड मात्र हसरं.

“बर्फ बघ ना,” तो म्हणला. “ह्याच्यासाठीच तर आणलं तुला.”

सव्वीस वर्षं ह्या माणसानं बर्फ सांगितला, रेती सांगितली, होड्या सांगितल्या. हा पाय कधी सांगितला नाय. वस्तीतली पोरं म्हणायची काका वाढवून सांगतात. अरे, त्यानं निम्मंच सांगितलं होतं.

घाटमाथ्यावर भिंती आल्या. खऱ्या भिंती. दोन्ही अंगाला ताशीव, ट्रकाच्या वर हातभर, आन् मधनं रस्ता. त्या भिंतीत थर दिसत होते, एकावर एक, मधीच एखादा धुळीचा काळा. कडूबा म्हणला, एकेक थर म्हणजे एकेका वेळेला पडलेला बर्फ. पुढच्या गाड्या थांबल्या तशी आशाबाई उतरून भिंतीपाशी गेली. हात लावला. हात भाजल्यासारखा झाला, तरी काढला नाय. पार डोंगराच्या डोक्यापर्यंत तेच, पांढरं, गप्प. तिच्या मनात आधी ड्रम आले. मग हंडे आले. मग ते सगळे बुडून गेले.

“हे किती टक्के भरलं म्हणायचं?” तिनं विचारलं.

कडूबाला हसू आलं, पण तिचं तोंड बघून तो हसला नाय. म्हणला, हे सगळं पाणीच हाय, उभं करून ठेवलेलं. उन्हाळाभर थोडं थोडं सोडतात. कोण सोडतं, ते त्याला बी सांगता आलं नाय. आशाबाईनं तिथंच भिंतीला हात जोडले. देव कुठला ते तिनं विचारलं नाय.

त्याच जागी तिनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, हा पाय आता घाटात परत आणायचा नाय. दुसरी ठरवली असं म्हणता येणार नाय, ती आपोआप झाली. तिला खाली उतरू वाटंना.

कारगिलला तांदूळ उतरवून ते परत आले. काश्मिरात शीतगोदामातली सफरचंदं भरली, थेट कोचीसाठी. केबिनीत आठ दिवस सफरचंदाचा वास. मागं थंडी सुटत गेली, मोजे सुटले, स्वेटर सुटला. नागपूरला कडूबानं विचारलं, इथून संभाजीनगरची गाडी मिळंल, तुला बसवून देऊ का, लई दिवस झाले. ती म्हणली, सफरचंदं नासतील. जणू तीच ती उबवत बसली होती. कडूबा गालात हसला आन् गिअर टाकला.

केरळात शिरल्यावर तिला आधी कळंनाच की काय चुकतंय. घरं नेहमीसारखी, दुकानं नेहमीसारखी. मग ध्यानात आलं, कुणाच्याच दारात ड्रम नाय. गच्चीवर टाकी नाय तिथं बी बाया निवांत. घराच्या मागं पाणी, पुढं पाणी, दोन घरांच्या मधी पाणी, आन् त्याच्यावर नारळ वाकून बघतायत. एक म्हातारी होडी वल्हवत आली, दुकानाच्या पायरीला बांधली, दुधाची पिशवी घेतली आन् वल्हवत गेली. आशाबाई ट्रकात बसून एकटीच हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. तिनं कडूबाच्या दंडावर जोरात चापट मारली. तेवढीच काय ती माफी.

सफरचंदं उतरली त्या दिवशी एप्रिलची तीस तारीख होती. दुपारून ते समुद्रावर गेले. आशाबाई पोटरीपर्यंत पाण्यात गेली, ओंजळ भरली, चाखली आन् थुंकली. एवढं पाणी आन् एक घोट कामाचा नाय, ह्याचा तिला राग बी आला आन् नवल बी वाटलं. लाटा येत होत्या, कुणी बोलावलेल्या नसताना, कुणी थांबवू शकत नसताना. ती कितीतरी वेळ तशीच उभी. मग फोन वाजला. इंद्रजीतचा होता. तिनं उचलला नाय, वाजू दिला. परत कडूबापाशी येऊन वाळूत बसली.

“सांग त्याला, व्हय म्हणून,” कडूबा आपणहून म्हणला.

तिला वाटलं होतं भांडावं लागंल. तयारी बी केली होती. “आन् तुमची लाइन?”

“झालं माझं. एकट्यानं बघितलेलं बघितल्यासारखं वाटत नव्हतं गं. दर खेपेला वाटायचं, खरंच होतं का ते, का पोरं म्हणतात तसंच. म्हणून परत जायचो. आता तू बघितलंस.”

आशाबाई वाळूत बोटानं रेघा ओढत राहिली. “मी तुमचा पाय बी बघितला.”

कडूबानं गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणला, तीन वर्षं झाली त्याला. घाटातच होतं, सपाटीला नाय होत. ती म्हणली, मला ठाऊक हाय, मी रोज बघतेय. आन् मग तिला रडू फुटलं. ती म्हणली, “तुमचं सव्वीस वर्षांनी झालं. माझं महिनाभरात कसं व्हावं? मी तर तुमाला बांधून न्यायला आलते. आता मलाच दावं तोडावं वाटतंय.”

बायको रडती तेव्हा काय करायचं हे लाइनीवर कुणी शिकवत नाय. तो नुसता तिच्या शेजारी सरकून बसला. पुन्हा फोन वाजला. आशाबाईनं नाक पुसलं, उचलला. इंद्रजीत म्हणला, मामी, साहेब खोळंबलेत, आजच सांगायचंय. तिनं एकदा समुद्राकडं बघितलं, एकदा कडूबाच्या गुडघ्याकडं.

“हे येतील बसवर,” ती म्हणली. “पण दहा तारखेच्या आत नाय. त्याच्यात बसत असंल तर बघा.”

इंद्रजीतनं कुणाला तरी विचारलं, मागं कुणी तरी कुरकुरलं, मग तो म्हणला, बरं मामी, दहा. तिनं फोन ठेवला. पाणी मागं गेलं, पुढं आलं.

मग तिनं विचारलं की परतीचा माल कुठं टाकायचा. काथ्याच्या चटया, पुण्याला, तो म्हणला. बंगळुरूवरनं मोठा रस्ता हाय, तीन दिवसांत पोचू. ती म्हणली, आन् समुद्राच्या कडंनं? त्याला बी रस्ता हाय, तो म्हणला, मंगळूर, कारवार, गोवा, रत्नागिरी करीत. पुण्याकडं वर चढताना एक घाट लागतो, तेवढा सावकाश काढू. दोन दिवस जास्तीचे जातील. आन् घरी जाताना समुद्र कुठल्या हाताला? कडूबानं हातानं हवेत नकाशा काढला आन् म्हणला, डाव्या, तुझ्या खिडकीला. ती उठली, लुगड्याची वाळू झटकली. मालकाला मी सांगते, म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटया भरून ते निघाले, समुद्राच्या कडंच्या रस्त्यानं. आशाबाईनं काच पार खाली केली आन् कोपर बाहेर टाकलं. नारळांच्या मधनं समुद्र दिसायचा, लपायचा, परत दिसायचा. मागनं एक बस सारखी हॉर्न मारीत होती. कडूबानं हात बाहेर काढून तिला पुढं जायला सांगितलं आन् गाडी आणखी हळू केली.